कोळंबी भात की कोळंबीची खिचडी?

दर रविवारी तेच! एका वाटीला दोन वाट्या पाणी, हे आमच्या घरात वेदवाक्य आहे. अहो, बासमती अर्धा तास भिजलेला, त्यात वाटीभर नारळाचं दूध, शिवाय मीठ-हळद चोळलेली कोळंबी स्वतःचं पाणी सोडतेय ते वेगळंच. हे सगळं पाण्यातच धरायचं ना? वाटीला एकूण दीड वाटी पुरे. पण नाही. 'कोरडा राहिला तर?' म्हणून वरून आणखी अर्धा पेला.

आणि ते झाकण! दर दोन मिनिटांनी उघडून डावाने ढवळायचं. शितं मोडतात, तळाशी गिच्च गोळा, वरच्या भातात मात्र कणी तशीच. कोळंबी तर फोडणीतच पडलेली, वीस मिनिटं शिजून तिचं खोडरबर झालेलं. तिला चार-पाच मिनिटं बास होतात हो! पाणी आटत आलं की वर पसरा, झाकण लावा, पातेल्याखाली तवा सरकवा आणि कृपा करून स्वयंपाकघरातून बाहेर या.

परवा तर कुकरच काढला. तीन शिट्ट्या! माझ्या ताटात आलं ते केशरी पिठलं. वर सासूबाई म्हणतात, 'छान मऊ झालाय की!'