मुंबई दूरदर्शन खासगी वाहिन्यांनी संपवलं? जरा तारखा बघा

२ ऑक्टोबर जवळ आला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडे-तिकडे, गोष्ट तीच. १९७२ साली मुंबईत अस्सल मराठी वाहिनी सुरू झाली. पहिल्या दिवसापासून अख्खा महाराष्ट्र ती बघू लागला. जाहिराती नव्हत्या, पैसे पडत नव्हते. एशियाडला, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी, रंग आला, रामायण-महाभारत तिथेच घडलं. मग खासगी वाहिन्या आल्या, सगळं संपलं, आणि आता वरळीचा टीव्ही मनोरा नुसता उभा आहे. खाली ठरलेली ओळ: ‘ज्यांना आठवतं त्यांनीच पुढे पाठवा.’ मला आठवतं, पण मी पाठवत नाही. त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे चुकलंय आणि शेवटचा निष्कर्ष तर सगळ्यात जास्त.

‘अस्सल मराठी वाहिनी’पासून सुरुवात करू. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीत जे सुरू झालं ते एका शहराचं दूरचित्रवाणी केंद्र होतं. दिल्लीचं १५ सप्टेंबर १९५९ चं, त्यानंतर देशातलं हे दुसरं. दूरदर्शन हे वेगळं खातंही तेव्हा नव्हतं. १ एप्रिल १९७६ पर्यंत टीव्ही आकाशवाणीच्याच छत्राखाली होता. मुंबईत जितक्या भाषा, तितक्यांना त्या एका संध्याकाळीत जागा द्यायची होती. म्हणून मराठीशेजारी हिंदी, गुजराती, इंग्रजी असं सगळं नांदायचं. ‘छायागीत’ हिंदी, तबस्सुमच्या गप्पा हिंदी, शनिवारचा चित्रपट मराठी तर रविवारचा हिंदी. आज ज्यांना केवळ मराठी आठवतं, त्यांचं मन लावून बघणंच बहुधा तेवढं होतं.

मराठी वाटा मात्र दणकट होता, यात वाद नाही. विनायक चासकरांचा ‘गजरा’, सुहासिनी मुळगांवकरांचं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, विजया जोगळेकरांनी केलेला ‘चिमणराव’ आणि त्यातले दिलीप प्रभावळकर-बाळ कर्वे. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळं उभी केली, टीव्ही बघून लोकांनी गावात काहीतरी करायला घ्यावं, असा तो उद्योग होता. बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या, पुढे प्रदीप भिडे आले. हे कार्यक्रम बाहेरून विकत घेतलेले नव्हते. निर्माते केंद्राच्या नोकरीतले, स्टुडिओ तिथलाच, नेपथ्य तिथलंच. टेप महाग, म्हणून कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरायची, ही रीतही तिथलीच. त्या काळातलं एवढं थोडं आज बघायला मिळतं, त्याचं मोठं कारण हे आहे. मेसेज याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे मला जास्त खटकतं.

आता ‘अख्खा महाराष्ट्र’. इथे भावना बाजूला ठेवून भूगोल बघावा लागतो. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरून क्षितिज येतं साधारण ७० किलोमीटरवर. तुमची अँटेना उंच असेल तर आणखी थोडं पुढे, पडद्यावरच्या मुंग्यांसकट. म्हणजे मुंबई, ठाणे, खाली कोकणाचा एक तुकडा. पुढे सह्याद्रीची भिंत. पुण्याला चित्र पोचवायचं म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र, म्हणजे मुंबईचं चित्र पकडून पुढे सोडणारं केंद्र, उभारावं लागलं. गड निवडला तो इतिहासासाठी नव्हे, उंचीसाठी.

बाकीच्या महाराष्ट्राने बरीच वाट पाहिली. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ हा मोठा प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतली २,४०० गावं होती. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा भारताचा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ च्या सुमारास देशभर छोट्या शक्तीचे प्रक्षेपक धडाधड बसले, तेव्हा कुठे अनेक जिल्ह्यांच्या गावी टीव्ही दिसू लागला. पण तो कुठला? ते प्रक्षेपक उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उचलत. घाटावरच्या कित्येक घरांत दूरदर्शनची पहिली ओळख हिंदीतूनच झाली, मुंबईचा मराठी कार्यक्रम तिथे मागाहून आला. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम वर्षानुवर्षं वरळीहून जात होता आणि कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांना तो दिसतच नव्हता. तरीही ‘अख्खा महाराष्ट्र’ म्हणायचं असेल तर म्हणा.

जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आहेत. म्हणजे जाहिरातीविना गेलेला काळ जेमतेम सव्वातीन वर्षांचा. आणि फुकट काहीच नव्हतं. टीव्हीचा परवाना काढून पोस्टात दरवर्षी शुल्क भरावं लागे. ती पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्याला गेली.

रंगाबद्दल थोडक्यात. एशियाड सुरू झालं १९ नोव्हेंबर १९८२ ला. स्वातंत्र्यदिनाचा लाल किल्ल्यावरचा सोहळा त्याच्या तीन महिने आधीच रंगीत दिसला होता. ‘इन्सॅटमुळे एशियाड घरोघरी’ असं एक शेपूटही काही मेसेजना असतं. इन्सॅट-१ए एप्रिलमध्ये सुटला आणि सप्टेंबरमध्ये निकामी झाला. एशियाडला तो हजरच नव्हता.

रामायण-महाभारताचं श्रेय वरळीला देणं हे तर शेजारच्या घरच्या लग्नाचे आहेर आपल्या वहीत लिहिण्यासारखं आहे. दोन्ही प्रायोजित मालिका, बाहेरच्या निर्मात्यांच्या. रामायणाचं चित्रीकरण गुजरातेत उंबरगावला झालं, आणि दोन्ही दिल्लीच्या राष्ट्रीय जाळ्यावरून देशभर गेल्या. मुंबई केंद्राने त्या पुढे पोचवल्या, बस.

आता मुख्य आरोप: खासगी वाहिन्यांनी मुंबई दूरदर्शन संपवलं. भारतातली पहिली खासगी हिंदी उपग्रह वाहिनी, झी, सुरू झाली २ ऑक्टोबर १९९२ ला, मुंबई केंद्राच्या बरोबर विसाव्या वाढदिवशी. योगायोग असा चपखल की गोष्ट रचण्याचा मोह होतोच. पण केंद्राची संध्याकाळ त्याच्या दहा वर्षं आधीच हातातून गेली होती. १५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीहून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला. रात्रीचा जो वेळ घरातली सगळी माणसं एकत्र बसून बघतात, तोच दिल्लीने घेतला. मुंबईच्या मराठी निर्मात्यांना उरली संध्याकाळची उतरती बाजू.

अमेरिकेत स्थानिक केंद्र बहुधा वेगळ्या मालकाचं असतं, एनबीसी-सीबीएससारख्या जाळ्याशी त्याचा करार असतो, आणि एखादा कार्यक्रम गाळून त्या जागी गावातला सामना किंवा वादळाची बातमी दाखवायची थोडीफार मुभा त्याला असते. वरळीला ती मुभा नव्हती. केंद्र दिल्लीचं, पगार दिल्लीचा, वेळापत्रकावरचा शेवटचा शब्दही दिल्लीचा. मला विचाराल तर ऱ्हासाची पहिली तारीख हीच, १५ ऑगस्ट १९८२, आणि ती घरातल्या घरात पडली.

मग मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली, १९८५ मध्ये. शहरापुरती, जरा मोकळी. २६ जानेवारी १९९३ ला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या अशा दुसऱ्या वाहिन्या एकत्र जोडून ‘मेट्रो’ केली आणि तिथलंही मुंबईपण हिंदी करमणुकीत विरघळलं. पुन्हा निर्णय दिल्लीचाच.

आता उलट बाजू बघा. उपग्रहावरून राज्यभर दिसणारी दूरदर्शनची मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ ला आली. तिचंच नाव पुढे सह्याद्री झालं. खासगी मराठी वाहिन्यांत अल्फा मराठी आली १९९९ मध्ये, ई-टीव्ही मराठी २००० मध्ये. म्हणजे मराठीच्या मैदानात दूरदर्शन पाच वर्षं जवळजवळ एकटं होतं. खासगी वाहिन्यांनी नंतर प्रेक्षक नेले, कलाकार नेले, जाहिरातीही नेल्या, हे कोण नाकारतंय? पण त्या पाच वर्षांत आपण काय केलं, हा प्रश्न वरळीने आणि मंडी हाउसने, म्हणजे दूरदर्शनच्या दिल्लीतल्या मुख्यालयाने, एकमेकांना विचारायला हवा होता. मेसेज तो कुणालाच विचारत नाही, कारण दोषी बाहेरचा असला की आठवणी गोड राहतात.

राहिला मनोरा. मनोऱ्यावरून थेट घरच्या अँटेनाला जाणारं जुनं ॲनालॉग भूप्रक्षेपण प्रसार भारतीने, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेने, देशभर टप्प्याटप्प्याने बंद केलं, मोजक्या जागा वगळता, हे खरं. तेवढी बातमी वाचून ‘दूरदर्शन बंद पडलं’ असं लोकांनी ठरवून टाकलं. पण २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपणाची घोषणा झाली त्यांत मुंबई होती, औरंगाबादही होतं. सह्याद्री वाहिनी चालू आहे. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या डिश सेवेवर ती महिन्याचे पैसे न भरता दिसते, आणि केबलवाल्यालाही दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवणं १९९५ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मेसेज पुढे पाठवण्याआधी संध्याकाळी सात वाजता ती लावून बघायला हरकत नाही. मराठी बातम्या अजून लागतात.