‘कपल म्हणजे फक्त दोनच’ सांगत फिरणाऱ्या त्या चित्राला उत्तर

‘कपल म्हणजे फक्त दोन. तीनसाठी वापरलंत तर तुमचं इंग्रजी कच्चं.’ पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत असं लिहिलेलं एक चित्र गेले काही आठवडे ठाणे आणि नवी मुंबईच्या ग्रुपांवर फिरतंय. स्पोकन इंग्लिशच्या कुठल्याशा क्लासने ते बनवलंय. सोसायटीच्या ग्रुपवर आलं तेव्हा मी सोडून दिलं, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आलं तेव्हाही सोडून दिलं. पण ऐरोलीला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या माझ्या भाचीने ते मोबाइलमध्ये जपून ठेवलं, पाठ केलं, आणि त्यापायी कामावर बोलणी खाल्ली. आता गप्प बसणं जमणार नाही.

चित्रात सहा नियम आहेत. पहिला वर सांगितला. दुसरा: फ्यू म्हणजे तीन, सेव्हरल म्हणजे सात. तिसरा: कपल फक्त नवरा-बायकोला म्हणायचं, पेअर फक्त निर्जीव वस्तूंना. चौथा: कपलनंतर क्रियापद कायम एकवचनी. पाचवा: कपलनंतर ऑफ नसेल तर वाक्य चूक. सहावा तर नियमही नाही, नुसता टोमणा आहे: मराठीत आकड्यांची शिस्त नाही, म्हणून आपली मुलं इंग्रजीत मागे पडतात. खाली ‘ऑक्सफर्डनुसार’ असा शिक्का मारलाय.

भाचीचं काय झालं ते आधी सांगते. अमेरिकेतल्या एका ग्राहकाचा फोन आला. बिलाची काहीतरी तक्रार होती. तो म्हणाला, याबद्दल मी आधीच ‘अ कपल ऑफ टाइम्स’ फोन केलाय. हिच्यासमोर स्क्रीनवर आधीच्या फोनची नोंद होती, फोन तीन होते. चित्रातला नियम डोक्यात ताजा. ही अतिशय नम्रपणे म्हणाली, सर, कपल नाही, आमच्या नोंदीप्रमाणे तीन वेळा. तिला वाटलं, आपण त्याचीच बाजू घेतोय, त्याला एक फोन जास्तच मोजून देतोय. त्याला ऐकू आलं ते वेगळंच: ही बाई मला खोटं पाडतेय. आवाज चढला, सुपरवायझरला फोन द्या म्हणाला. पुढे क्वालिटीवाल्यांनी तो कॉल ऐकला, ‘ग्राहकाला दुरुस्त केलं’ असा शेरा मारला आणि मार्क कापले. सकाळी कंपनीची कॅब कळव्याला पोचायच्या आत तिचा मला फोन: ‘मावशी, पण फोन तीनच होते ना गं?’

होते की. पण तो माणूस फोन मोजत नव्हता. ‘अहो, दोन-तीनदा सांगून झालंय’ असं आपण गॅस एजन्सीत किंवा वॉर्ड ऑफिसात म्हणतो, तेव्हा समोरच्याने रजिस्टर उघडून ‘बाई, चार वेळा’ म्हणावं अशी आपली अपेक्षा असते का? मी एकदाच आलेली नाही, आता तरी लक्ष द्या, एवढंच म्हणायचं असतं. ग्राहकालाही तेच म्हणायचं होतं.

आणि ऑक्सफर्ड काय म्हणतं? शिकणाऱ्यांसाठी म्हणून जो ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश आहे, १९४८ पासून त्यांच्याकडून छापला जाणारा, हॉर्नबी यांनी सुरू केलेला, तो आता इंटरनेटवर फुकट बघता येतो. कपल हा शब्द काढा. पहिला अर्थ दिलाय, दोन माणसं किंवा दोन वस्तू. त्याच्या लगेच खाली दुसरा अर्थ आहे: थोडी माणसं किंवा थोड्या वस्तू. आणि त्यापुढे समानार्थी शब्द म्हणून काय दिलंय? ‘अ फ्यू’. म्हणजे ज्या ऑक्सफर्डच्या नावाने शिक्का मारलाय, त्याच ऑक्सफर्डने चित्रातला पहिला नियम आणि अर्धा दुसरा नियम एका नोंदीत खोडून टाकलाय. अमेरिकन इंग्रजीसाठी मेरियम-वेबस्टर बघा, तिथेही ‘नक्की न सांगितलेली लहान संख्या’ हा अर्थ आहेच. चित्र बनवणाऱ्याने शब्दकोश उघडलाच नाही, किंवा उघडला आणि पहिली ओळ वाचून मिटला.

यात खरं काय आहे तेही सांगते, कारण थोडं आहे. शब्दाचं मूळ जोडण्याचं आहे. लॅटिन कोप्युला म्हणजे बंध, जोड. तिथून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. रेल्वेचे डबे एकमेकांना ज्याने जोडतात ते कपलिंग त्याच घरातलं. अकरावीच्या फिजिक्समध्ये कपल येतो, तिथे बलं दोनच, समान आणि उलट दिशेची, तिसऱ्याला जागा नाही. लग्नाच्या पत्रिकेवरचं किंवा गरब्याच्या पासावरचं कपलही दोघांचंच. आणि जिथे आकड्यावर काही अवलंबून आहे तिथे कपल लिहूच नये, सरळ टू लिहावं, हा सल्ला चांगलाच आहे. हवा तर भाचीनेही पाळावा: ग्राहकाला ‘कपल ऑफ डेज’मध्ये होईल असं सांगू नकोस, तारीख सांग. डॉक्टर ‘कपल ऑफ डेज गोळ्या घ्या’ म्हणाले तर नक्की किती दिवस ते दारातून बाहेर पडायच्या आधी विचारून घ्या. पण आपण लिहिताना नेमका आकडा द्यावा हे वेगळं, आणि दुसऱ्याने सहज वापरलेल्या शब्दाला आकडा चिकटवून त्याला चूक ठरवावं हे वेगळं. चित्राने पहिल्याच्या नावाखाली दुसरं शिकवलं.

आता सेव्हरल म्हणजे सात. मला यावर सगळ्यात जास्त राग आलाय. सेव्हन आणि सेव्हरल कानाला सारखे लागतात, त्यापलीकडे त्यांचं काही नातं नाही. सेव्हन हा आपल्या सात आणि संस्कृत सप्तचा लांबचा भाऊ. सेव्हरलचं कूळ लॅटिन, ‘सेपरेट’च्या घरातलं. जुना अर्थ वेगवेगळा, स्वतंत्र. हा अर्थ मेलेला नाही. तुमच्या कपाटातल्या फायलीतही असू शकेल. घोडबंदर रोडला फ्लॅट घेताना नवरा-बायको दोघांच्या नावावर कर्ज काढतात. त्या करारात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असे शब्द येतात. म्हणजे कर्ज दोघांचं मिळूनही आणि प्रत्येकाचं स्वतंत्रपणेही. एकाने हप्ते भरणं सोडलं तर बँक दुसऱ्याकडून अर्धं नाही, पूर्ण कर्ज मागू शकते. इथे माणसं दोनच आणि शब्द सेव्हरली! ‘सेव्हरल म्हणजे सात’ घोकलेली मुलगी उद्या असल्या कागदावर सही करताना तो शब्द आपल्याला लागू नाही असं समजून पुढे गेली तर? बायकांच्या सह्या घाईघाईत कशा घेतल्या जातात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत एजंट पानं उलटत जातो. चित्र फॉरवर्ड करणाऱ्यांनी या शब्दाचा खरा अर्थ फॉरवर्ड केला असता तर कुणाचं तरी भलं झालं असतं.

फ्यू म्हणजे तीन, हेही तसंच. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये, पेत्राच्या पहिल्या पत्रात, नोहाच्या तारवात वाचलेल्या माणसांबद्दल लिहिलंय: फ्यू, म्हणजे आठ जण. प्रलयात बुडालेल्या जगापुढे आठ थोडेच. फ्यूला स्वतःचा आकडा नसतो. आपल्या मुलांना शाळेत फ्यू आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक शिकवतात, पहिल्यात जवळजवळ नाहीच असा सूर आणि दुसऱ्यात थोडे तरी आहेत असा. तो फरक मात्र खरा आहे आणि पाठ करण्यासारखा आहे. चित्रात नेमका तो नाही.

पेअरचं थोडक्यात. ‘अ पेअर ऑफ हॉर्सेस’ म्हणतात, घोडे निर्जीव नव्हेत. ‘अ कपल ऑफ चेअर्स’ म्हणतात, खुर्च्यांचं लग्न झालेलं नसतं. फरक आहे तो जुळणीचा. गोखले रोडवर चपला घेताना आपण पेअर मागतो, एक डावी एक उजवी, एकमेकींसाठीच केलेल्या. मराठीत आपण जोड म्हणतो. आणि तलावपाळीच्या कठड्यावर बसलेल्या, लग्न न झालेल्या दोघांनाही ठाण्यात सगळे कपलच म्हणतात. इंग्रजीतही म्हणतात.

चौथा नियम पाळला तर मुलं चुकतील, म्हणून तो सांगायलाच हवा. जोडप्याबद्दल बोलताना ब्रिटिश लोक बहुतेक वेळा ‘द कपल आर’ म्हणतात, अमेरिकेत ‘द कपल इज’ पुष्कळ दिसतं, दोन्ही चालतं. पण ‘अ कपल ऑफ पीपल आर वेटिंग’ इथे आरच हवं. इथे इज घातलं तर वाक्य बिघडतं, आणि चित्र नेमकं तेच घालायला सांगतंय.

पाचव्यात अर्धं तथ्य आहे. ‘कपल डेज’ असं ऑफ गाळून बोलणं अमेरिकन बोलीत चालतं, परीक्षेच्या पेपरात ते टाळलेलं बरं. पण ‘अ कपल मोर’ सगळीकडे बरोबर आहे, ऑफशिवाय.

राहिला सहावा. मराठीत आकड्यांची शिस्त नाही म्हणे. इंग्रजीत एक बोथ आहे, दोन पुरुष असोत, दोन बाया असोत की दोन बादल्या. आपल्याकडे दोघे आले म्हटलं की पुरुष, दोघी आल्या म्हटलं की बाया, दोघं म्हटलं की एक पुरुष एक बाई असू शकतात, आणि बादल्या दोन्ही. पुढे तिघी, चौघी आहेतच. जोड चपलांचा, जोडी बैलांची किंवा तबला-पेटीवाल्यांची, जोडपं नवरा-बायकोचं. एवढे बारकावे आपण चार वर्षांच्या मुलाला न शिकवता देतो. द्विवचन म्हणाल तर संस्कृतातलं द्विवचन मराठीत राहिलं नाही हे खरं, पण जुन्या इंग्रजीतही ‘आपण दोघं’ आणि ‘तुम्ही दोघं’ यांसाठी वेगळी सर्वनामं होती. तेराव्या शतकाच्या आसपास इंग्रजांनीही ती टाकून दिली. त्यावरून कोणी त्यांना बेशिस्त म्हणत नाही.

आणि जिथे आपण आकडा सैल सोडतो, तिथे तो जाणूनबुजून सोडतो. ‘दोन घास खाऊन जा’ म्हणणारी आत्या घास मोजायला बसत नाही. ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून उभे राहिलेले प्रमुख पाहुणे अर्धा तास बोलतात आणि त्यांना कोणी खोटं म्हणत नाही. चार पैसे गाठीला असावेत, चार लोक काय म्हणतील, दोन दिवस माहेरी जाऊन येते. यातला एकही आकडा आकडा नाही हे आपल्याला जन्मापासून कळतं. माझ्या भाचीलाही कळतं. त्या रात्री तिने त्या ग्राहकाचं वाक्य मनातल्या मनात मराठीत ऐकलं असतं, तर ‘सॉरी, तुम्हाला परत परत फोन करावा लागला’ हे तिच्या तोंडून आपोआप आलं असतं. तेच उत्तर बरोबर होतं. मराठीमुळे ती मागे पडली नाही. तिच्याकडे असलेली समज या चित्राने ‘गावठी’ ठरवून तिला बाजूला ठेवायला लावली आणि जागेवर एक खोटा नियम दिला, म्हणून ती अडखळली. हे क्लासवाले याच मुलींकडून फी घेतात, कळवा-दिघा-रबाळ्याच्या मुलींकडून, ज्यांना इंग्रजीची भीती आधीच घातलेली आहे.

चित्र आता क्लासच्या पानावरून काढून टाकलं तरी पुरणार नाही, कारण ते शेकडो फोनांत पोचलंय. त्यांनी ज्या ज्या ग्रुपवर ते टाकलं, त्या प्रत्येक ग्रुपवर, त्याच पिवळ्या पाटीवर, तेवढ्याच मोठ्या लाल अक्षरांत, पहिले चार आणि सहावा मुद्दा चूक होता असं लिहून पाठवावं.