‘ग्राहक घरी नाही’ म्हणे!

घरपोच पार्सलमुळे गावातल्या माणसाची शहराची फेरी वाचली, असे घरपोच सेवेवरच्या एका लेखात म्हटले आहे. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हे अर्धेच खरे. वाळपईचा ४०३५०६ हा एक पिनकोड, त्यात कितीतरी गावे आणि वाडे. आमचा खरा पत्ता म्हणजे ‘सातेरीच्या देवळामागे, फणसाकडून वर’.

गेल्या पावसाळ्यात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मागवल्या होत्या. आई दिवसभर ओसरीवर बसून होती, आणि संध्याकाळी मेसेज आला, ‘ग्राहक घरी नाही’. दोनदा असे झाले, मग पार्सल परत गेले. पार्सल आणणाऱ्या मुलावर माझा राग नाही. त्या उतारावर मोबाईलला रेंज नसते, ओटीपी येणार कुठून? पण खोटी नोंद का करायची? आमच्या पोस्टमनला मात्र घर विचारावे लागत नाही.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन हा डिजिटल पत्त्याचा कोड आणला आहे. दहा अक्षर-अंकांत जवळपास ४ बाय ४ मीटरची जागा दाखवतो, म्हणजे थेट आमची पायरी. खासगी कुरियरवाल्यांनी पत्त्याच्या रकान्यात तो घ्यायला सुरुवात करावी, निदान औषधांसाठी तरी.