खुलासा : राईडआधी घेतलेला ‘एक घोट’ अंग गरम ठेवत नाही

सातारा-कराडकडच्या रायडर ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘पहाटे बुलेटवर बंगळूरला निघताना ब्रँडीचा एक घोट घ्या, थंडी वाजत नाही.’ हे चुकीचं आहे आणि जिवावर बेतू शकतं.

दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गरम रक्त वर येतं म्हणून ऊब वाटते. पण तीच उष्णता वारा काढून नेतो आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं. कुडकुडणंही कमी होतं, म्हणजे धोक्याची खूणच झाकली जाते. बाहेर १० अंश असताना ताशी ६० किमी वेगाने गेलं, तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशांची थंडी लागते. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो. खंबाटकी घाटात, काहीही न घेता, मी हे अनुभवलंय. शिवाय १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे.

वारा अडवणारं जॅकेट, जाड हातमोजे, छातीवर वर्तमानपत्राची घडी आणि तासाभराने चहाला थांबणं, एवढं पुरतं.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.