फोन ठणठणीत आहे, बाकीचं विचारू नका

पूर्वी घरात वस्तू वरून खाली यायच्या. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, ताईची पुस्तकं मला, बाबांचं घड्याळ दादाला बारावीनंतर. मोबाईलने ही सगळी परंपरा उलटी करून टाकली. आमच्याकडे नवा फोन पोरीला, तिचा जुना मला, माझा बाबांना, बाबांचा आईला. म्हणजे ज्यांना कमी दिसतं आणि ज्यांचं बोट एका जागी टेकायच्या आधी दोन ठिकाणी लागतं त्यांच्या वाट्याला घरातला सगळ्यात छोटा, सगळ्यात स्लो, कोपऱ्यात तडा गेलेला फोन, आणि वर आपण म्हणायचं, "तुम्हाला काय लागतं, नुसतं व्हॉट्सॲप तर बघायचंय." मग फोनचा सपोर्ट संपला, म्हणजे नवे अपडेट यायचे थांबले, की त्याचे सगळे झटके सत्तरीतल्या माणसांना बसतात आणि ते झटके घेऊन ती माणसं येतात आपल्याकडे. रविवारी. दुपारी. जेवून आडवं झाल्यावर.

नेटवर्कचं आधी सांगतो, कारण त्यातला विनोद मला अजून झेपलेला नाही. २०१० मध्ये सरकारने थ्रीजीच्या रेडिओ लहरींचा लिलाव केला, महिनाभर बोली चालली, सरकारच्या तिजोरीत जवळजवळ ६७,७१९ कोटी येणार म्हणून पेपरात मोठमोठ्या बातम्या, आता समोरासमोर बघून बोलता येणार म्हणून लोक खूश. आणि दहा वर्षं होत नाहीत तोवर, २०१९ च्या जूनमध्ये, एअरटेलने कोलकात्यापासून थ्रीजी गुंडाळायला घेतलं आणि २०२० मध्ये देशभरातलं उरकलं. त्या लहरी फोरजीला हव्या होत्या, धंद्याच्या हिशोबाने ते बरोबरच असेल. पण टूजी ठेवलं! म्हणजे ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्यातून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला, त्या पिढीचं नेटवर्क चालू, आणि त्याच्यानंतर पंधरा वर्षांनी वाजतगाजत आलेलं बंद.

आता आईचा फोन होता २०१४ चा, थ्रीजीवाला. आमच्या सिमवाल्या कंपनीने (नाव कशाला घ्या, सिम अजून त्यांचंच आहे) थ्रीजी बंद केल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यातला 'एच' गेला आणि तिथे 'ई' आला. 'ई' म्हणजे टूजीचं इंटरनेट. सकाळी पाठवलेला गुलाबाचा फोटो कुकरच्या सगळ्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी गोल गोल फिरत असायचा. घरी वायफायवर तोच फोन चांगला पळायचा आणि जिना उतरला की मान टाकायचा, त्यावरून आईने निष्कर्ष काढला की आपल्या सोसायटीच्या गेटमध्येच काहीतरी आहे, आणि हे तिने सेक्रेटरींना जाऊन सांगितलंसुद्धा. ते म्हणाले मीटिंगमध्ये घेऊ.

आजी मात्र मजेत. तिच्याकडे बटणांचा फोन, त्यात टॉर्च आणि साप. मोबाईलला देशात २५ वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०२० च्या ३१ जुलैला, मुकेश अंबानी म्हणाले होते की देशातले ३० कोटी लोक अजून टूजीत अडकून पडलेत. ही बातमी मी तिला वाचून दाखवली. आजी म्हणाली, "मी कुठं अडकलीय? मला इथं रेंज आहे."

आईच्या फोनला खरा दणका बसला तो व्हॉट्सॲपचा. व्हॉट्सॲपने आधी सांगितलं होतं, नाही असं नाही. २४ ऑक्टोबर २०२३ पासून कमीत कमी अँड्रॉइड ५ लागेल. आईचा किटकॅट, म्हणजे ४.४. पण हे सांगणारा मेसेज आला तेव्हा दिवस कसले होते, तर 'तुमचं वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कापलं जाईल, या नंबरवर फोन करा' असल्या फ्रॉड मेसेजचे. आम्हीच तिला पढवलं होतं की अमुक तारखेला तमुक बंद होणार असं कोणी सांगितलं तर सरळ डिलीट करायचं. तिने डिलीट केलं. पुन्हा आला, पुन्हा केलं. मला म्हणाली, "आता व्हॉट्सॲपच्या नावाने करायला लागलेत मेले."

आणि ती तारीख नेमकी दसऱ्याची! आईने सकाळपासून सगळ्या ग्रुपवर सोनं वाटलं आणि मला म्हणाली, "बघ, काही बंद झालं नाही." मग दिवाळीच्या आधी एका सकाळी व्हॉट्सॲप उघडेना. तिकडे फॅमिली ग्रुपवर शांतता पसरली. रोज सहाला पडणारा सुप्रभात पडला नाही, फराळाच्या फोटोवर अंगठा नाही, त्यात नुकतंच मुंजीच्या आहेरावरून थोडं झालेलं होतं, त्यामुळे ताई (म्हणजे आमची आई) रागावली असं ठरलं. दोन दिवस सांगलीत मामाकडे त्यावर चर्चा झाली. शेवटी मामाने आईला त्याच फोनवर फोन लावून विचारलं, "अगं, तुझा फोन बंद पडलाय का?"

"नाही रे," आई म्हणाली, "चांगला चालू आहे."

आणि खोटं काय होतं त्यात? फोन ज्वारीच्या पिठात पडला, ओट्यावरून पडला, एकदा देवघरात तेलाच्या वाटीत पडला, पण स्पीकर खणखणीत, बॅटरी बदलून घेतलेली, कॅमेऱ्यात अजून पावसातला सज्जनगड होता. बिघडलेलं काहीच नव्हतं. हे मला रिपेअरवाल्यालाही समजावता आलं नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या पोराने फोन हातात घेतला, उलटा केला, म्हणाला, "काय झालंय?" मी म्हणलं, "काही नाही झालेलं." त्याने परत दिला.

मग एकेक वेबसाईट उघडेनाशा झाल्या. इंटरनेटवरच्या साईट खऱ्या आहेत की नाही हे फोन एका सर्टिफिकेटवरून ओळखतो, आणि कोणावर विश्वास ठेवायचा त्या संस्थांची यादी फोनमध्ये कंपनीतूनच भरून येते, नंतर अपडेट आलं नाही तर ती यादी तशीच जुनी राहते. जगातल्या ढीगभर साईटना फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था आहे, तिचं जुनं मूळ सर्टिफिकेट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि नवं अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन ओळखत नाहीत. तरी त्या लोकांनी जुन्या फोनवाल्यांची सोय लावली, ती पण कशी, तर जुना अँड्रॉइड मूळ सर्टिफिकेटची तारीख तपासतच नाही, मग संपलेल्याच सर्टिफिकेटवर अजून तीन वर्षं ढकलली! म्हणजे आईचा फोन अगदी आईसारखा, डब्यावरची एक्स्पायरी डेट बघायची नाही, वास घेऊन ठरवायचं. ती सोय २०२४ मध्ये संपली. मग अळूवडीची रेसिपी उघडायला गेलं तर फोन लाल पाटी दाखवून सांगायचा की समोरचा तुमची माहिती चोरत असेल. आईची कोणती माहिती अळूवडीवाल्याला हवी आहे ते काही लिहिलेलं नव्हतं.

बाबांच्या फोनची गोष्ट वेगळी. तो २०१७ च्या जानेवारीतला, नोटाबंदीनंतरचा, फ्लॅश सेलमध्ये घड्याळ लावून बसून मिळवलेला, तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राच्या खिशात तोच होता. आला तेव्हा अँड्रॉइड ६, नंतर ७ झाला आणि तिथेच बसला. यात एकट्या फोन कंपनीचाही दोष नसतो म्हणतात, आतली चिप बनवणाऱ्याने नव्या अँड्रॉइडसाठी आपला भाग दिला नाही की वरच्याला पुढे जाता येत नाही. २०१७ मध्येच अँड्रॉइड ८ सोबत यावर इलाज निघाला, दोन्ही भाग वेगळे केले, पण बाबांचा फोन त्याच्या थोडा आधी जन्मला. मग क्रोमने अँड्रॉइड ७ ला ११९ व्या व्हर्जनवर रामराम केला, आणि बाकीचे ॲप एकेक करून 'तुमच्या डिव्हाइसला चालणार नाही' म्हणायला लागले.

इथे भाच्याची एंट्री. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. "मामा, टाकून देताय कशाला, बूटलोडर अनलॉक करू, कस्टम रॉम टाकू." म्हणजे कंपनीने फोनला लावलेलं कुलूप काढायचं आणि आत बाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड घालायचं. आणि खरंच सांगतो, पोराने केलं. आजोबांच्या फोनवर अँड्रॉइड १२! ताजा सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारं अपडेट! फोन असा पळायला लागला की बाबा घाबरून हळूहळू टच करायला लागले. मग त्यांनी बँकेचं ॲप उघडलं आणि ॲप म्हणालं, तुमच्या फोनमध्ये छेडछाड झालेली आहे, सुरक्षेच्या कारणास्तव बंद करत आहोत.

हे जरा नीट ऐका. २०१८ नंतर एकही सिक्युरिटी पॅच न मिळालेला फोन बँकेला वर्षानुवर्षं चालला. त्याच फोनवर ताजा पॅच टाकला तर तो धोकादायक. बँकेचं म्हणणं मला समजतं, कुलूप काढलेल्या फोनमध्ये कोण काय घालेल सांगता येत नाही. पण मग तीच बँक जुन्या फोनला अजिबात काही विचारत नव्हती याला काय म्हणायचं? भाच्याने मुकाट्याने जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं. बँक खूश झाली. पुढे बँकेनेच ॲपचं नवीन व्हर्जन काढलं आणि ते जुन्यावर चालेना, तो भाग वेगळा.

पण कळस झाला नोव्हेंबरात. बाबा रेल्वेतून रिटायर, दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो घरबसल्या चेहरा दाखवून देता येतो, जीवन प्रमाणचं ॲप आहे, सोबत आधारचं फेस ॲप. सोय खरंच उत्तम. फक्त त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की अँड्रॉइड ७ किंवा पुढचं हवं आणि रॅम ४ जीबी हवी. बाबांच्या फोनला ३ जीबी.

"मी जिवंत आहे हे सांगायला चार जीबी लागतात?" बाबांनी विचारलं.

तरी आम्ही प्रयत्न केला. बाबा खिडकीसमोर पांढऱ्या भिंतीला टेकून बसले, आईने केस सारखे करून दिले, ॲप म्हणतं डोळे मिचकावा, बाबांनी मिचकावले, ॲप हँग. पुन्हा. आता बाबा न सांगताच मिचकावायला लागले. मग फोन गरम झाला, मग ॲपने चेहरा सोडून फोनबद्दलच शंका घ्यायला सुरुवात केली. माझ्या फोनवर करू म्हणलं तर बाबांचा तत्त्वाचा प्रश्न, "माझी हयात माझ्याच फोनवर." शेवटी पोस्टमन आले. पोस्टाची पेमेंट्स बँक ७० रुपयांत घरी येऊन हे काम करते, त्यांनी आपलं बोटाचं मशीन काढलं, बाबांचा अंगठा घेतला, चहा घेतला, झालं. जाताना बाबांचा फोन बघून म्हणाले, "हा होय? माझ्याकडे पण होता. चांगला होता."

होता.

आमचा मावसभाऊ मेलबर्नला असतो, तो म्हणतो तुमच्याकडे निदान फोन लागतो तरी. तिकडे २८ ऑक्टोबर २०२४ पासून मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद करायला घेतलं आणि नियम असा की ज्या फोनवरून इमर्जन्सीचा ट्रिपल झिरो लागणार नाही तो नेटवर्कवर ठेवायचाच नाही. काही फोन असे निघाले की बाकी सगळं फोरजीवर, पण इमर्जन्सी कॉलला थ्रीजीकडे धावायचे, ते सगळे ब्लॉक. मावशी इथून फोन घेऊन गेलेली, तोही गेला. तिला ज्याला फोन करायचा असतो तो शेजारच्या खोलीत झोपलेला असतो, हे त्या नियमात बसत नाही.

आता म्हणे दिवस पालटलेत. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देऊ म्हणून सांगितलं, सॅमसंगने एस२४ ला तेच. युरोपात तर जून २०२५ पासून कायदाच आला की मॉडेल विकणं बंद केल्यावर पाच वर्षं अपडेट द्यायचे. छान आहे, मनापासून सांगतो. फक्त आपल्याकडे पिक्सेल ८ आला तेव्हा ७५,९९९ ला होता, त्यामुळे सात वर्षं टिकणारा फोन घ्यायला आधी सात वर्षं साठवत बसायचं, तोवर बाबांचा आहेच.

आईच्या फोनचा निकाल मात्र लागला. आमच्या गल्लीत सायकलवर स्पीकर लावून एक जण येतो, 'बंद पडलेले, फुटलेले, खराब मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या.' आईने वरून हाक मारली. पोरीने आधी सज्जनगड आणि बाकीचे फोटो काढून घेतले, फोन पुसून कोरा केला.

"चालू आहे," आईने आधीच सांगून ठेवलं. "चालूचा भाव लाव."

"व्हॉट्सॲप चालतं का मावशी?"

"नाही."

"मग बंदच धरतो."

"बंद कसा? अलार्म वाजतो, रेडिओ लागतो, टॉर्च बघ, डोळ्यात जातोय! फोन लावून बघ हवं तर."

त्याने छोटा टब काढला. आईने मोठ्याकडे बोट दाखवलं. बरंच झाल्यावर मधला टब आणि वर एक चाळणी यावर मिटलं. तेवढ्यात आजी भाजीची पिशवी घेऊन जिन्यापाशी आली आणि तिचा फोन वाजला. तिने कमरेचा बटवा सोडून तो काढला, "हां, बोल गं" केलं, ठेवला. सायकलवाला बघत होता.

"आजी, तो द्यायचा का? त्याला गिऱ्हाईक आहे. तीनशे रोख देतो."

"चालू आहे म्हणून मागतोस ना?"

"हो."

"मग मी कशाला देऊ?" म्हणून आजी वर गेली, आणि आईने तेवढ्यात चाळणी बदलून मोठी घेतली.