पुराला पुण्याहून बोट येते, सर्व्हरला कोण येणार?

संस्थेच्या कॉम्प्युटरवर हल्ला झाला तर काय कराल, असं सांगली-मिरजेत कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: १९३० ला फोन लावू. मोबाइलच्या कॉलर ट्यूननं हा आकडा एवढा घोकून घेतलाय की दुसरं काही सुचतच नाही. पण १९३० आहे तो फसवणुकीत पैसे गेलेल्यांसाठी. गेलेली रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी गोठवायची, हे त्याचं मुख्य काम, आणि ते मोलाचंच आहे. शनिवारी रात्री सर्व्हरवरच्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलंय, पडद्यावर खंडणीची चिठ्ठी झळकतेय, अशा संस्थेची गरज वेगळी असते. कुठली वायर काढायची, कशाला हात लावायचा नाही, हल्लेखोर अजून आतच बसलाय का, हे सांगणारा जाणता माणूस तिला हवा असतो. तोही सोमवारी नको, त्याच रात्री हवा असतो.

मिरजेजवळच्या एका पतसंस्थेत माझा मावसभाऊ संचालक आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यावर ही वेळ आली. मी जर्मनीत एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. सायबर सुरक्षेशी माझा संबंध वेळच्या वेळी पासवर्ड बदलण्यापुरता. तरी "तू तिकडं दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस की," म्हणून त्या मावसभावाचा, म्हणजे दादाचा फोन मला. तोवर संस्थेचे कॉम्प्युटर वर्षाच्या कंत्राटावर सांभाळणाऱ्या एएमसीवाल्यानं आपल्या परीनं इलाज उरकला होता. सर्व्हर फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकलं होतं. बॅकअपची हार्डडिस्क कायम सर्व्हरलाच लावलेली, त्यामुळे तीही कुलूपबंद झाली होती. पुढं कागदी किर्द, पिग्मी एजंटांच्या वह्या आणि ठेवीदारांची पासबुकं जुळवून खाती पुन्हा उभी केली.

त्या पोराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. प्रिंटर अडला, टॅली उघडेना की धावत यायचं, याचे त्याला वर्षाचे पैसे मिळतात. पण अशा वेळी फॉरमॅट म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणं. चोर कुठून आला, काय काय घेऊन गेला, हे ज्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवतो त्या नोंदीत असतं, ते पुसलं जातं. कुलूप लागलेल्या फाइलीही जातात, आणि त्याच जपायच्या असतात. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. पकडलेल्या किंवा फुटलेल्या टोळ्यांच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. आज नसलेली किल्ली दोन वर्षांनी सापडू शकते, पण कुलूपच फेकून दिल्यावर तिचा उपयोग काय? जाणत्या माणसानं फोनवर पहिल्या पाच मिनिटांत एवढंच सांगितलं असतं: नेटवर्कची वायर काढा, मशीन बंद करू नका, फॉरमॅट तर अजिबात नको, आणि डिस्कची हुबेहूब प्रत निघेपर्यंत कुणी त्याला हात लावू नका.

तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटलेला आहे. एक काका म्हणतात, सगळं क्लाउडवर टाका, विषय संपला. संपत नाही, क्लाउडचा पासवर्डही चोरीला जातो. चुलतभावाला कडक कायदा पाहिजे. कायदा आहे की! सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला. हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग जपून ठेवायचे. १८००-११-४९४९ हा त्यांचा टोल-फ्री क्रमांक आहे. दादाच्या संचालक मंडळात तो एकालाही ठाऊक नव्हता. नागरी सहकारी बँकांना निदान रिझर्व्ह बँकेचा धाक असतो, सायबर सुरक्षेच्या परिपत्रकांची फाइल तरी कपाटात असते. पतसंस्था सहकार खात्याकडे, त्यामुळे तो धाकही नाही. आणि सर्ट-इनला फोन लावला असता तरी सल्ला मिळाला असता, नोंद झाली असती. अख्ख्या देशाचा भार वाहणाऱ्या दिल्लीतल्या कार्यालयातून मिरजेला कुणी बॅग घेऊन निघेल, ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

तिसरी बाजू दादाची, आणि मला ती सगळ्यात गंभीर वाटते. "बोभाटा झाला की संपलं," तो म्हणतो. "पोलिसात गेलं तर मशीन उचलून नेतील. आणि पतसंस्थेचा कॉम्प्युटर गेला एवढं कळलं की सकाळी दारात रांग. पैसे सुरक्षित आहेत हे कुणाला समजावत बसू?" बँका बुडालेल्या पाहिलेल्या जिल्ह्यात ही भीती खोटी नाही. इथं बसून "पारदर्शक व्हा" असा उपदेश करणं फार सोपं आहे. आम्हा परदेशस्थांना ती खोडच असते.

आता इकडचं सांगतो. जर्मनी म्हटलं की शिस्त, असं गावाकडं मानतात. २०२३ च्या २९ ऑक्टोबरच्या रविवारी रात्री आमच्या भागातल्या ७० हून जास्त नगरपालिका-जिल्ह्यांचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या एकाच संस्थेवर, झ्यूडवेस्टफालेन-आयटीवर, अकिरा टोळीनं हल्ला केला. गाडीची नोंदणी, दाखले, सगळं ठप्प. मी राहतो तो मेर्किशर जिल्हाही त्यातच. गाडी मुकाट अंगणात उभी राहिली आणि कचेरीतली बाई कागदावर पेनानं नावं लिहून घेऊ लागली. घडी पूर्ववत बसायला कित्येक महिने गेले. तेव्हा शिस्तीचं कौतुक जरा बेतानंच करावं.

फरक दिसला तो पुढं. बाहेरचे तज्ज्ञ लगेच आत आले, खंडणी दिली नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये तपासाचा अहवाल लोकांपुढं ठेवला. हल्लेखोर व्हीपीएनमधून, म्हणजे बाहेरून कचेरीच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या वाटेनं आले, तिथं ओटीपीसारखी दुसरी पायरीच नव्हती, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. लाज वाटण्याजोगीच गोष्ट. पण त्या अहवालामुळे दुसऱ्या कचेऱ्यांना आपली तीच भोकं बुजवता आली असणार. दादाच्या पतसंस्थेत काय झालं हे शेजारच्या गावच्या पतसंस्थेला आजही माहीत नाही. एएमसीवाला मात्र दोघांचा एकच आहे.

दुसरा प्रसंग सांगलीच्या जास्त कामाचा आहे. पूर्व जर्मनीतल्या अनहाल्ट-बिटरफेल्ड जिल्ह्यावर जुलै २०२१ मध्ये रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा हल्ला झाला. गरजूंना मिळणारं सरकारी अनुदानही वाटता येईना. तेव्हा ९ जुलैला जिल्हाप्रमुखानं चक्क आपत्ती जाहीर केली. महापुरात करतात तशी. जर्मनीत सायबर हल्ल्यासाठी हे पहिल्यांदाच घडलं. आपत्ती म्हटल्याबरोबर बाहेरून माणसं मागवणं, निविदेच्या फेऱ्यात न अडकता खर्च करणं सोपं झालं. केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे तज्ज्ञ आले, लष्करातले जवानही मदतीला बसले. आपत्ती उठवायला पुढच्या वर्षाचा जानेवारी उजाडला.

आपत्तीच्या बाबतीत सांगलीला कुणी शिकवायला नको. कोयनेतून विसर्ग वाढला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?" हाच असतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा एनडीआरएफ आली, लष्कर आलं, नौदल आलं. उशीर झाला, चुका झाल्या, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तरी बोट कुणाकडं मागायची हे ठरलेलं होतं. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा उघडून बघा. मानवनिर्मित कारणानं आलेलं संकटही त्याच्या व्याख्येत बसतं. एका पतसंस्थेसाठी कुणी आपत्ती जाहीर करणार नाही, करूही नये. पण मिरजेतलं मोठं रुग्णालय किंवा जिल्हा परिषदच बंद पडली तर? दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ च्या हल्ल्यानंतर आठवडा उलटला तरी केसपेपर हातानं लिहिणं चालू होतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आराखड्यात बोटी किती आणि पोहणारे किती याची यादी असते. त्याच आराखड्यात हार्डडिस्कची प्रत कायदेशीर पुराव्याला टिकेल अशी काढता येणारे दोघं-तिघं का नसावेत? सांगलीत, इस्लामपुरात, साताऱ्यात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथं शिकवणारेही आहेत. जर्मनीच्या सायबर सुरक्षा संस्थेनं स्थानिक पातळीवर 'प्रथमोपचार' करणाऱ्यांचं जाळं माणसांना प्रशिक्षण देऊन विणायला घेतलंय.

छोट्या संस्थांसाठी मात्र सरकारची वाट बघू नये. पुण्या-मुंबईत हल्ल्यानंतरचं काम करणाऱ्या फर्म आहेत. त्यांच्याशी आधी करार असेल तर रात्री दोनला फोन उचलतात. नसेल तर सोमवारी कोटेशन पाठवतात. ते कोटेशन मंजूर करायला तुमची संचालक मंडळाची सभा बोलवावी लागते. एकट्या पतसंस्थेला हा करार झेपणार नाही. तालुक्यातल्या वीस-पंचवीस जणांनी मिळून केला तर झेपेल. सायबर विमा घेणाऱ्यांनी पॉलिसीत तज्ज्ञ पाठवायची सोय आहे का, हे आधी वाचावं. नुकसानभरपाईचा आकडा नंतर बघितला तरी चालेल. दादाच्या भीतीवरही यातला थोडा उतारा आहे. पहिल्या दिवशीच डिस्कची शिक्कामोर्तब प्रत पोलिसांच्या हाती दिली तर अख्खं मशीन उचलून नेण्याचं कारण कमी उरतं. आणि दारात रांग लागली तरी "तज्ज्ञ आत काम करताहेत, अमुक वाजता पासबुक भरून मिळेल" असं सांगणारा चेअरमन आणि शटर ओढून फोन बंद ठेवणारा चेअरमन यांत ठेवीदार फरक करतो.

यावर दादाचं म्हणणं असं की वार्षिक सभेत चहा-बिस्किटाच्या खर्चावर हात वर करणारे सभासद न आलेल्या संकटासाठी पैसे कसे मंजूर करतील? करतील, असं मला वाटतं. खाती जुळवताना गेलेल्या ओव्हरटाइमचा आकडा त्याच सभेत वाचून दाखवला तर.

त्याची दुसरी शंका जास्त नेमकी होती. जुलै २०२४ मध्ये सी-एज या एकाच सॉफ्टवेअर पुरवठादारावर हल्ला झाला, तेव्हा यूपीआयसारखे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँका व्यवहारांपासून तोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडल्या. आपल्याकडंही बऱ्याच पतसंस्थांचं सॉफ्टवेअर एकाच माणसाकडून आलेलं. म्हणजे पंचवीस जणांचा करार करायचा आणि पंचवीसही एकाच रात्री बंद पडायच्या. मग पुण्याहून निघालेली गाडी आधी कुणाच्या दारात थांबणार? हे करारातच लिहून घ्यावं लागेल: आधी ज्यांचा रोजचा भरणा मोठा, की आधी ज्यांच्याकडं कागदी किर्दही नाही? मी कागदी किर्द नसलेल्यांच्या बाजूचा आहे. दादा अर्थातच नाही. त्याच्या संस्थेचा भरणा मोठा आहे.