साडेसात ब्लाइंडची साडेसाती

शनीची साडेसाती साडेसात वर्षं पुरते. ऑनलाइन पोकरच्या छोट्या स्पर्धेतली साडेसाती साडेसात बिग ब्लाइंडची असते आणि पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. पण त्या वेळात माणसाचा जेवढा छळ होतो, तेवढा करायला शनीलाही मुदतवाढ मागावी लागेल.

परिस्थिती अशी. टेबलावर नऊ जण. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी पाळीपाळीने सक्तीने भरायच्या रकमा, १००-२००; शंभरचा स्मॉल, दोनशेचा बिग. प्रत्येकाची अँटी, म्हणजे दर डावाला (हाताला) भरायची वर्गणी, २०. आपल्यापुढे १५०० चिप्स, म्हणजे साडेसात बिग ब्लाइंड. दीड हजार हा आकडा दिसायला भारदस्त आहे आणि घोळ तिथेच होतो. चिप्स मोजू नयेत, फेऱ्या मोजाव्यात. एका फेरीचा खर्च १०० अधिक २०० अधिक नऊ हातांच्या अँटीचे १८०, म्हणजे ४८०. पंधराशेला चारशेऐंशीने भागलं की जेमतेम तीन फेऱ्या. या भागाकाराला ‘एम’ म्हणतात, बॅकगॅमनचे पट्टीचे खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावावरून. पुढे १९९५चे जगज्जेते डॅन हॅरिंग्टन यांनी तो घरोघरी पोचवला. एम तीन म्हणजे अठ्ठावीस हातांत आपण काहीही न करता संपणार. तेही ब्लाइंड तिथेच थांबले तर. ते दर पाच मिनिटांनी वाढतात.

अशा वेळी भला माणूस म्हणतो, “चांगले पत्ते येऊ देत, मग बघू.” चांगले म्हणजे एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी, नाहीतर एक्का-राजा. हे सगळं मिळून सरासरी ३९ हातांत एकदा येतं. हात उरलेत अठ्ठावीस. नुसत्या एक्क्यांच्या जोडीची वाट बघणाऱ्याने २२१ हातांची तयारी ठेवावी.

दुसरा भला माणूस मधला मार्ग काढतो. साडेसात ब्लाइंडमधून अडीचचा रेझ (पैज वाढवणं) करतो, म्हणजे ५०० टाकून १००० मागे ठेवतो. कोणी अंगावर आलंच तर सोडून देऊ, असा बेत. मग बिग ब्लाइंडवाला ऑल-इन करतो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो. आता मध्ये २२८० पडलेले असतात आणि आपल्याला १००० घालायचे असतात. १००० भागिले ३२८०, म्हणजे साडेतीस टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी. एवढी शक्यता बहुतेक हातांना असतेच. म्हणजे सोडणं चूक, आणि कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले, तर शेवटी ऑल-इनच, फक्त समोरच्याला घाबरवायची संधी घालवून. दहाच्या खाली ब्लाइंड आले की ‘ऑल-इन’ आणि ‘फोल्ड’ (पत्ते टाकणं) ही दोनच बटनं खरी. रक्कम ठरवायला मधली पट्टी सरकवायची सोय दिलीय ती शोभेला. मोबाइलवर अंगठा चुकून तीच पट्टी नेमकी ४० चिप्स शिल्लक ठेवून थांबते, आणि त्या चाळीस चिप्स घेऊन माणूस टेबलावर उघडणारे पुढचे तीन पत्ते काय बघणार, हे तिला बनवणाऱ्यालाच ठाऊक.

या सगळ्या उद्योगात खरं भांडवल चिप्स नसतात, धाक असतो. त्याला ‘फोल्ड इक्विटी’ म्हणतात. मला ‘धाक’ हाच शब्द जास्त बरोबर वाटतो. मधले ४८० चिप्स कोणी न बोलता मिळाले तर १५००चे १९८० होतात, जवळपास एक तृतीयांश पगारवाढ आणि पत्ते दाखवायचीही गरज नाही. समजा हात इतका सामान्य की कॉल झाल्यावर शंभरात पस्तीस वेळाच जिंकणार. तरी मागचे, म्हणजे आपल्यानंतर बोलणारे, सगळे मिळून शंभरात त्रेचाळीस वेळा पत्ते टाकत असतील, तर हिशेब फायद्याचा. म्हणून बटनवरून (ब्लाइंडच्या अलीकडची, वाटणाऱ्याची जागा) किंवा स्मॉल ब्लाइंडवरून पत्ते बघायच्या आधी मागच्यांची तोंडं बघावीत. तोंडं दिसत नाहीत, तेव्हा त्यांच्या चिप्स बघाव्यात. स्मॉल ब्लाइंडवर सगळे पत्ते टाकून आपल्यापर्यंत आले, तर निम्म्याहून जास्त हात ऑल-इनचे असतात. सर्वांत आधी बोलायची पाळी असेल, तर सहा-सातांतला एखादाच, कारण मागे आठ माणसं आहेत आणि आठांतला एक तरी कामाचे पत्ते घेऊन बसलेला असतोच.

हा धाक वेळेत वापरला नाही तर विरघळतो. ६०० चिप्स उरल्यावर केलेला ऑल-इन बघा. बिग ब्लाइंडवाल्याला आणखी ४०० घालून १०८० मिळवायचेत, म्हणजे सत्तावीस टक्के पुरेत. सत्ती-दुर्रीलाही एक्का-राजापुढे साधारण एक तृतीयांश संधी असते. तो न बघता कॉल करतो आणि बरोबरच करतो. तीन ब्लाइंडचा ऑल-इन म्हणजे निवृत्त फौजदाराची शिट्टी. आवाज तोच, पण कोणी थांबत नाही.

पत्त्यांत सर्वांत फसवा हात एक्का-तिर्री. एक्का दिसला की अंगठा आपोआप उठतो. लवकरच्या जागेवरून हा हात ऑल-इन मारला की कॉल करणारा बहुधा मोठा एक्का घेऊन येतो, आणि एक्का-राजापुढे एक्का-तिर्री चारात जेमतेम एकदा वाचते. त्याच एक्का-राजापुढे सूटेड (एकाच चिन्हाची) अठ्ठी-सत्ती शंभरात चाळीस वेळा जिंकते, कारण तिचे पत्ते समोरच्याच्या पत्त्यांखाली दबलेले नसतात. हे गणित माहीत असूनही अठ्ठी-सत्ती घेऊन ऑल-इन करताना मला काहीतरी चोरल्यासारखं वाटतं आणि एक्का-तिर्री घेऊन करताना अगदी सज्जन. हरल्यावर पत्ते उघडे पडतात, आणि ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण पोकर बघूनच कोणी केली असावी, अशी शंका येते.

मग येतो बबल, म्हणजे आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, अशी घडी. नऊ जणांची एकाच टेबलाची स्पर्धा, बक्षिसं ५०, ३०, २० टक्के आणि उरलेत चौघे, सगळ्यांच्या चिप्स सारख्या. प्रत्येकाचा वाटा पंचवीस टक्के. कोणी ऑल-इन केला, तुम्ही कॉल करून जिंकलात, चिप्स दुप्पट. वाटा किती? पन्नास नाही, ३८.३. कारण पहिला नंबरही अर्ध्याच बक्षिसाचा धनी. म्हणजे पंचवीस पणाला लावून ३८.३ मिळवायचे, तर पासष्ट टक्के जिंकायला हवं. एक्का-राजा अनसूटेड हा हात डोळे मिटून खेळणाऱ्यासमोरसुद्धा जेमतेम पासष्ट टक्के जिंकतो. त्या माणसाने डोळे किलकिले केले तरी आपण तोट्यात. चिप्सवरून बक्षिसाचा वाटा काढायच्या या पद्धतीला आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. तिचं मूळ सूत्र डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीतले क्रम काढायला मांडलं होतं, हे कळल्यापासून बबलवर आपल्याला मिळणाऱ्या वागणुकीचं मला नवल वाटत नाही.

ऑल-इन करणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते, कॉल करणाऱ्याला एकच. म्हणून बबलवर मारायला मन मोठं लागतं आणि कॉल करायला कोतं. त्यातच कोणाकडे एकच ब्लाइंड उरलाय आणि पुढच्या हाताला बिग ब्लाइंड त्याच्यावर येणार असेल, तर इतरांनी दश्श्यांची जोडी घेऊन कॉल करायलाही कचरावं. दुसऱ्याच्या मरणाची अशी शिस्तीत वाट बघणं इतर कुठे शोभत नाही.

आता हे सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे. समोरच्याला पत्ते टाकता येतात, हे ते गृहीतक. छोट्या स्पर्धेत बिग ब्लाइंडवर बसलेला इसम पंचवीस टक्के, ३८.३ वगैरे भानगडीत पडत नाही. त्याच्याकडे राजा-चौकी असते, दोन्ही बदामाची असतात, आणि तो कॉल करतो. घोडचूक तो करतो, स्पर्धेबाहेर आपण जातो. अशा गृहस्थापुढे अठ्ठी-सत्ती मुकाट टाकावी आणि एक्का-तिर्री खुशाल मारावी. धाक न मानणाऱ्यासमोर मोठा पत्ताच चालतो. एवढा एक बदल पंधरा सेकंदांत आठवला तर आठवला. बहुधा घड्याळ लाल होतं, अंगठा दोन बटनांमध्ये तरंगत राहतो, वेळ संपते आणि संगणक आपल्या वतीने फोल्ड करून मोकळा होतो.

आणि समजा सगळं जमलं. जागा बरोबर, पत्ते बरे, एकाने कॉल केला आणि शेवटचा पत्तासुद्धा शहाण्यासारखा वागला. १५००चे ३२८० झाले. हायसं वाटून जरा मागे टेकावं, तर दहा मिनिटांत ब्लाइंड १५०-३०० होऊन २००-४०० वर पोचलेले असतात. मधल्या एका फेरीचे, वाढलेल्या अँटीसकट, ७२० वजा जाता हातात उरतात २५६०. भागून बघितलं की ६.४ ब्लाइंड येतात, साडेसाती परवडली म्हणायची वेळ.